सेमी-रिजिड प्लूरोस्कोप: जाग्या रुग्णाच्या छातीत पाहण्यासाठी किती कामाचं यंत्र?

छातीत पाणी झालंय, सुईने काढून दोनदा तपासलं, टीबी म्हणावा तर पुरावा नाही आणि कॅन्सर म्हणावा तर पेशी सापडत नाहीत. अशा रुग्णात फुप्फुसाच्या आवरणाचा, म्हणजे प्लुराचा, तुकडा डोळ्यांनी पाहून घेणं हाच खात्रीचा मार्ग उरतो. पाणी कॅन्सरमुळेच झालेलं असलं तरी पेशींच्या तपासणीत ते जेमतेम ६० टक्के रुग्णांत सापडतं. दुर्बिणीने पाहून घेतलेल्या बायोप्सीचा आकडा ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत ९२.६ टक्के दिला आहे, आणि तोही स्थानिक भुलीखाली केलेल्या थोरॅकोस्कोपीचा, म्हणजे छातीत दुर्बीण घालून केलेल्या तपासणीचा. त्याच मार्गदर्शिकेत मृत्यूचं प्रमाण ०.३४ टक्के आहे, आणि ते मृत्यू टाल्क (पाणी पुन्हा साठू नये म्हणून प्लुराचे पदर चिकटवणारी पूड) फवारलेल्या रुग्णांमधले आहेत.

जाग्या रुग्णावर हे करणं ही नवी टूम नाही. स्वीडनचे हान्स ख्रिश्चन याकोबेयस यांनी १९१० मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण छातीत घातली तीही स्थानिक भुलीवरच. पूर्ण भूल, दोन नळ्यांची एंडोट्रॅकियल ट्यूब आणि एकाच फुप्फुसावर श्वासोच्छ्वास हा सगळा सरंजाम व्हिडिओ शस्त्रक्रियेबरोबर नंतर आला. तेव्हा ‘रुग्ण जागा कसा राहील?’ यापेक्षा ‘जागा असताना त्याला त्रास कमी होईल असं हत्यार कुठलं?’ हे विचारायला हवं. सेमी-रिजिड प्लूरोस्कोप, म्हणजे ताठ दांड्याची पण वळणाऱ्या टोकाची दुर्बीण, त्याच कसोटीवर तपासायचा आहे.

त्यातलं एक परिचित मॉडेल ऑलिंपसचं एलटीएफ-१६०. बाहेरून ७ मिमी जाड, आत घालायचा भाग २७ सेंमी. त्यातला २२ सेंमी दांडा ताठ आणि टोकाचा ५ सेंमी भाग वळणारा: वर १६० अंश, खाली १३०. उपकरणं घालायचा चॅनल २.८ मिमीचा. मूठ हुबेहूब ब्रॉन्कोस्कोपची (श्वासनलिका पाहायच्या दुर्बिणीची), आणि त्याच कंपनीच्या ब्रॉन्कोस्कोपीच्या प्रोसेसरला व प्रकाशस्रोताला ते जोडता येतं. ज्या विभागात ब्रॉन्कोस्कोपी रोज चालते तिथे हात बसायला वेळ लागत नाही, ही पहिली जमेची बाजू. पण खरी जमेची बाजू ही नव्हे.

ताठ दुर्बिणीने कोपऱ्यातलं पाहायचं तर पूर्ण नळी तिरकी करावी लागते. नळी तिरकी झाली की ट्रोकार (दुर्बीण आत घालण्यासाठी छेदात बसवलेली नळी) खालच्या-वरच्या बरगडीवर दाबला जातो, आणि बरगडीवरच्या पातळ आवरणाला, पेरिऑस्टिअमला, वेदना फार कळतात. पूर्ण भुलीत हा दाब कुणाला जाणवत नाही. जाग्या रुग्णात तोच दाब सगळी तपासणी बिघडवतो: रुग्ण खांदा आखडतो, श्वास रोखतो, मग खोकला येतो. सेमी-रिजिडमध्ये वळायचं काम टोक करतं, दांडा जवळजवळ सरळ राहतो. वर फुप्फुसाच्या शेंड्याकडे, खाली छाती-पोटामधला पडदा (डायफ्रॅम) आणि बरगड्या यांमधल्या खाचेत, मागे मणक्याजवळ, हे सगळं एकाच साधारण १ सेंमीच्या छेदातून पाहून होतं. दुसऱ्या छेदाची गरज क्वचित पडते. जाग्या रुग्णासाठी या यंत्राला झुकतं माप द्यायचं ते याच एका कारणाने, आणि ते पुरेसं वजनदार आहे. अर्थात ताठ दांड्याचा २२ सेंमी भाग विसरून कुणी ब्रॉन्कोस्कोपसारखं मनगट फिरवू लागलं तर हा फायदा तिथेच संपतो.

भूल नीट दिली नाही तर कुठलंही यंत्र वाईटच वाटणार

या यंत्राबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरं तर लिग्नोकेनबद्दलच्या, म्हणजे स्थानिक भुलीच्या औषधाबद्दलच्या, असतात. रुग्ण निरोगी कुशीवर, आजारी बाजू वर, वरचा हात डोक्याकडे घेतलेला. आधी सोनोग्राफी त्याच स्थितीत करायची, बसवून केलेली चालत नाही, कारण कूस बदलली की पाणी सरकतं आणि खूण चुकते. जागा बहुधा मधल्या काखरेषेवर, बरगड्यांमधल्या चौथ्या ते सातव्या फटीत. तिथे पाण्याची खोली पाहायची, फुप्फुस श्वासागणिक सरकतंय का ते पाहायचं आणि पडदा कुठवर येतो तेही.

६० किलोच्या रुग्णात एड्रेनलिनविना लिग्नोकेन ३ मिग्रॅ प्रति किलो धरलं तर १८० मिग्रॅ, म्हणजे १ टक्क्याचं १८ मिलि. एड्रेनलिनसोबत मर्यादा ७ मिग्रॅ प्रति किलोपर्यंत जाते. बाटली २ टक्क्यांची असेल तर तेवढंच सलाईन मिसळून १ टक्का करून घ्यावी. एकूण औषध तेवढंच राहतं, पण दुप्पट आकारमान मिळतं आणि ते थर भिजवायला कामी येतं. बरगड्यांमधल्या नसांभोवती दिलेलं औषध इतर बहुतेक ब्लॉकपेक्षा वेगाने रक्तात जातं, म्हणून हिशेब लिहून ठेवायचा. ओठांभोवती बधिरपणा, कानात आवाज, तोंडात धातूची चव असं रुग्ण म्हणाला तर ‘भूल लागतेय’ समजून पुढे जायचं नाही, थांबायचं. उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन खोलीतच हवं, कपाटाची किल्ली शोधायला लागता कामा नये. सुरुवातीचा डोस १.५ मिलि प्रति किलो.

औषध कुठे संपवायचं यात बहुतेक जण चुकतात. त्वचेला दोन-तीन मिलि पुरतात, तिथे सढळ हाताने टोचून काही साधत नाही. मग चरबी आणि स्नायू. त्यानंतर सुई खालच्या बरगडीला टेकवायची, तिथे पेरिऑस्टिअमवर तीन-चार मिलि सोडायचं, आणि बरगडीच्या वरच्या कडेवरून आत सरकायचं. नस आणि रक्तवाहिन्या वरच्या बरगडीच्या खालच्या कडेला असतात, म्हणून हा मार्ग. सिरिंज ओढत ओढत पाणी आलं की सुई केसभर मागे घ्यायची: आता टोक प्लुराच्या बाहेरच्या पदराला लागून आहे. उरलेलं सगळं औषध इथे, थोडं डावी-उजवीकडे फिरवून. वेदना कळते ती याच बाहेरच्या पदराला. फुप्फुसाला चिकटलेल्या आतल्या पदराला ती जवळजवळ कळत नाही. शक्य असेल तर वरच्या आणि खालच्या फटीतही थोडं द्यावं. आणि मग पाच मिनिटं खरोखर थांबावं. घड्याळ पाहून थांबावं, कारण हातात सुरी घेऊन उभं राहिलं की दोन मिनिटंसुद्धा पाच वाटतात.

पडद्याच्या मध्यभागावरच्या प्लुराला या भुलीचा उपयोग नाही. तिथली संवेदना फ्रेनिक नसेतून जाते आणि दुखणं खांद्यात उमटतं. बायोप्सी घेताना रुग्ण ‘खांदा दुखतोय’ म्हणाला की हत्यार कुठे टेकलंय ते लगेच कळतं. फुप्फुसाच्या मुळाशी ओढ बसली तर दुखत नाही, खोकला येतो, कारण तिथे व्हेगस नस आहे. तिथून हात काढून घेणं हाच उपाय. खोकला येत असताना फोर्सेप्स (बायोप्सीचा चिमटा) आत बाहेर करत राहणं हे फुप्फुस फाटण्याचं कारण ठरतं.

गुंगीचं औषध कमीच बरं. मिडॅझोलॅम १ ते २ मिग्रॅ, फेंटॅनिल २५ ते ५० मायक्रोग्रॅम, दोघांचे उतारे हाताशी. रुग्ण पूर्ण वाक्यात बोलू शकतोय तोवर त्याच्याइतका भरवशाचा मॉनिटर दुसरा नाही. ट्रोकारमधून हवा आत गेली की आजारी बाजूचं फुप्फुस मिटतं. श्वास घेताना त्यातली थोडी वापरलेली हवा निरोगी फुप्फुसात ओढली जाते आणि सोडताना परत जाते, म्हणून कार्बन डायऑक्साइड वाढतो. ऑक्सिजन चालू असेल तर बोटावरचा आकडा ९७-९८ दाखवत राहील आणि कार्बन डायऑक्साइड वर चढलेला असेल. म्हणून नाकातून कॅप्नोग्राफी (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणं) लावावी. पडदा आणि श्वासाचे स्नायू कामावर असल्यामुळे बहुतेक रुग्ण हे निभावून नेतात, पूर्ण भुलीत ढिल्या पडलेल्या पडद्याची अडचण इथे येत नाही. मात्र रुग्ण अचानक अस्वस्थ झाला, मास्क ओढू लागला, उठून बसायला बघू लागला, तर ते दुखणंच असेल असं नाही. त्या क्षणी आणखी मिडॅझोलॅम देणं ही या प्रक्रियेतली सर्वांत घातक सवय. आधी श्वास पाहा, मग आकडे पाहा, मग विचारा.

आत गेल्यावर

पाणी कॅथेटरने काढताना ट्रोकारची झडप उघडी ठेवायची. जितकं पाणी बाहेर, तितकी हवा आत. त्यामुळे लिटर-दोन लिटर पाणीही ओटीतच काढता येतं. झडप बंद आणि सक्शन चालू, असं झालं की छातीत उणा दाब तयार होतो. फुप्फुस झपाट्याने फुगतं, रुग्णाला छातीत आवळल्यासारखं होतं, आणि फुप्फुसात पाणी उतरण्याचा, म्हणजे रि-एक्स्पान्शन एडेमाचा, धोका ओढवतो. या यंत्राच्या चॅनलमधून थेट सक्शन होतं ही सोय आहे, पण चॅनल २.८ मिमीचा. फायब्रिनचे जाळेदार तुकडे आले की तो तुंबतो, आणि फोर्सेप्स आत असताना सक्शन जवळपास बंदच. पाणी गढूळ, पुवासारखं असेल तर आधी ट्रोकारमधून जाड कॅथेटर घालून मोकळं करून घ्यावं, मगच दुर्बीण घालावी. भिंग धुकाळू नये म्हणून दुर्बीण आत जाण्याआधी कोमट सलाईनमध्ये धरावी.

चित्र उत्तम आहे. प्लुरावरच्या साबुदाण्यासारख्या बारीक पुळ्या, लालसर सूज, काळपट ठिपके, चिकटलेले पदर स्वच्छ दिसतात. नॅरो बँड इमेजिंगचं बटण असतं, रक्तवाहिन्यांची नक्षी उठून दिसते, पण त्याने बायोप्सीचं यश फारसं वाढत नाही. त्यासाठी महागडा प्रोसेसर घेऊ नये.

बायोप्सीत मात्र या यंत्राची मर्यादा कळते. लवचीक फोर्सेप्सने मिळणारा तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा, वरवरचा. ताठ दुर्बिणीच्या ५ मिमी फोर्सेप्सने सेंटीमीटरभराचा, खोलवरचा तुकडा येतो. टीबीत, जिथे प्लुरा मऊ आणि पुळ्यांनी भरलेला असतो, तिथे हा फरक अडत नाही. मेसोथेलिओमात, म्हणजे प्लुराच्याच कॅन्सरमध्ये, किंवा जुनाट जाड पांढऱ्या प्लुरात, अडतो. तिथे फोर्सेप्स नुसता घसरतो, चावा बसतच नाही, किंवा वरचं फायब्रिन तेवढं हाती येतं आणि अहवाल येतो ‘नॉन-स्पेसिफिक’. दोन्ही यंत्रांची तुलना करणाऱ्या चाचण्यांतूनही हेच दिसतं: तुकडा नीट मिळाला त्या रुग्णांत निदान जवळपास सारखं. फरक पडतो तो तुकडा मिळतच नाही अशा रुग्णांमुळे.

मर्यादा आहे म्हणजे उपाय नाही असं नव्हे. एकाच जागी पुन्हा पुन्हा चावे घ्यायचे, म्हणजे दुसरा-तिसरा चावा खोल जातो आणि प्लुराखालची चरबी तुकड्यात येते. मेसोथेलिओमा आत शिरलाय का हे सांगायला पॅथॉलॉजिस्टला तीच चरबी हवी असते. एकूण आठ-दहा तुकडे, वेगवेगळ्या संशयित जागांवरून, हा किमान हिशेब धरावा. जागा बरगडीवरची निवडायची, दोन बरगड्यांमधली नाही. फोर्सेप्स बंद करून टोचलं की खाली कडक लागतं, तिथेच उघडायचा. चावा बसला की सरळ मागे खेचायचा नाही, प्लुराच्या पातळीत बाजूला सोलत न्यायचा. सरळ खेचलं तर छोटा तुकडा येतो आणि रुग्णाला झटका बसल्यासारखं दुखतं. सोललं तर लांबट पट्टी सुटते. टीबीचा संशय असेल तर दोन तुकडे फॉर्मॅलिनमध्ये न टाकता सलाईनमध्ये, कल्चर आणि जीनएक्स्पर्ट या टीबीच्या जंतूंच्या तपासण्यांसाठी. गडबडीत सगळे तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेले की मग औषधाला जंतू दाद देतात की नाही हे कळायची वाट बंद झाली.

रक्तस्राव झाला तर? बहुधा चाव्याच्या जागचा पाझर आपोआप थांबतो. थांबला नाही तर दाब द्यायला कापसाची गोळी धरलेलं हत्यार हवं, आणि ते या चॅनलमधून जात नाही. बरगडीखालची धमनी लागली असेल तर बाहेरून त्या फटीत बोटाने दाब, आणि सर्जनला हाक. म्हणून सेमी-रिजिड घेतला तरी ताठ ५ मिमी फोर्सेप्स आणि एक ताठ दुर्बीण निर्जंतुक करून ट्रेवर ठेवणं गरजेचं आहे. हा खर्च टाळून यंत्र घेणं चुकीचं ठरेल. पाण्यात कप्पे झाले असतील, जाड चिकटे असतील, तर पहिल्यापासूनच ताठ दुर्बीण वापरावी. लवचीक टोकाने पातळ जाळी बाजूला होतात, जाड पट्टे होत नाहीत, आणि रक्तवाहिनी असलेला पट्टा जाग्या रुग्णात तोडायला जाऊ नये.

टाल्क फवारायचा तर ४ ते ५ ग्रॅम, मोठ्या कणांचा, निर्जंतुक. बारीक कणांचा टाल्क रक्तात उतरून फुप्फुसाला इजा करतो, त्यामुळे पाकिटावर कणांचा आकार लिहिलेला नसेल तर तो वापरू नये. फवारणीची नळी चॅनलमधून सहज जाते आणि टोक वळत असल्याने शेंड्यापासून पडद्यापर्यंत सगळीकडे एकसारखा थर बसवता येतो. या कामात हे यंत्र ताठ दुर्बिणीपेक्षा सरस. पण टाल्क दुखतो, चांगलाच दुखतो. आधी पोकळीत लिग्नोकेन सोडायचं असेल तर तेही सुरुवातीच्या हिशेबातच मोजायचं, तो हिशेब वेगळा नसतो. फुप्फुसावर जाड पांढरी साल चढलेली दिसली, म्हणजे ते फुगणार नाही हे उघड असलं, तर टाल्क वाया जातो. अशा रुग्णाला कायमची पातळ नळी जास्त उपयोगी. केवळ टाल्कसाठी थोरॅकोस्कोपी करावी का, याचं उत्तर ब्रिटनमधल्या टॅप्स चाचणीने बरंचसं दिलं आहे: ३३० रुग्ण, ९० दिवसांत प्लुरोडेसिस (प्लुराचे पदर चिकटवणं) फसण्याचं प्रमाण फवारणीत २२ टक्के, आयसीडीतून (छातीत घातलेल्या निचऱ्याच्या नळीतून) टाल्कचं पाणी सोडण्यात २४ टक्के. म्हणजे निदान आधीच झालेलं असेल तर निव्वळ टाल्कसाठी रुग्णाला ओटीत नेण्याची गरज नाही.

काम संपल्यावर त्याच छेदातून २० ते २४ फ्रेंचची आयसीडी. नुसती बायोप्सी केली असेल आणि एक्स-रेत फुप्फुस फुगलेलं असेल, हवा गळत नसेल, तर नळी त्याच दिवशीही निघू शकते. टाल्कनंतर सक्शन लावायचं तर हळूहळू, उणे २० सेंमी पाण्यापर्यंत. पहिल्या २४ तासांतला ताप बहुधा टाल्कचाच असतो, पण श्वास वाढतोय का याकडे लक्ष हवंच.

या वाटेने कुणाला नेऊ नये हेही सांगायला हवं. प्लुराची पोकळीच उरलेली नाही असा रुग्ण, रक्त न गोठण्याचा दोष दुरुस्त न झालेला, न थांबणारा खोकला, कुशीवर झोपताच धाप लागणारा, आधीच कार्बन डायऑक्साइड साठलेला, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला. फुप्फुसाचा तुकडा कापणं, फुगे काढणं अशी मोठी कामं जाग्या रुग्णात होतात, २००४ मध्ये रोममधल्या पोम्पेओ आणि सहकाऱ्यांनी एपिड्युरलवर गाठी काढून दाखवल्या आहेत. पण त्याला एपिड्युरल किंवा पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक, स्टेपलर, थोरॅसिक सर्जन आणि कुशीवर असतानाच नळी घालू शकणारा भूलतज्ज्ञ लागतो. हे यंत्र त्यासाठी नाही.

निगेच्या बाबतीत ते नाजूक आहे. वळलेल्या टोकासह दुर्बीण ट्रोकारमधून ओढली की टोकावरचं रबर ट्रोकारच्या कडेला घासून फाटतं. लीव्हर मध्यावर आणून टोक सरळ झाल्याचं स्क्रीनवर पाहायचं, मगच बाहेर काढायची. फोर्सेप्स चॅनलच्या आत असताना उघडायचा नाही. प्रत्येक धुण्याआधी लीक टेस्ट, कारण छिद्रातून आत गेलेलं पाणी पुढच्या काही वापरांत चित्र घालवतं आणि दुरुस्ती मोठी निघते. ताठ दुर्बिणीच्या संचाला हे सगळं लाड नको असतात, तो धुवा आणि ऑटोक्लेव्ह करा. आठवड्याला एखादीच थोरॅकोस्कोपी होत असेल आणि ब्रॉन्कोस्कोपीचा प्रोसेसर आधी नसेल, तर ताठ संचच घ्यावा. प्रोसेसर आहे, हात ब्रॉन्कोस्कोपला सरावलेला आहे, आणि बहुतेक रुग्ण मोकळं पाणी असलेले आहेत, तिथे सेमी-रिजिड बेलाशक घ्यावा.

डेमोला यंत्र आलं की स्क्रीनवरच्या रंगांवर भाळू नका. फोर्सेप्स चॅनलमध्ये असताना टोक किती अंश वळतं ते मोजा, कारण मोकळ्या चॅनलचे १६० अंश फोर्सेप्स घातल्यावर कमी होतात आणि बायोप्सी नेमकी तेव्हाच घ्यायची असते. त्याच स्थितीत सक्शन किती ओढतं तेही भांड्यातल्या पाण्यावर पाहा. फोर्सेप्स आणि ट्रोकार कितीदा वापरायचे, निर्जंतुकीकरणाची कुठली पद्धत कंपनीला मान्य आहे, आणि दुरुस्तीला गेल्यावर बदली यंत्र किती दिवसांत मिळेल, ही तिन्ही उत्तरं लेखी घ्या.